वन्सं, आधी विचारायचं असतं

वन्सं, स्टँडवर तुमचा फ्लेक्स लागलाय. मागं ढग, खाली ओळीनं हात जोडलेले पुढारी आणि वर ठसठशीत अक्षरात 'दिव्यांगांची माउली हरपली'. तुमच्या भावानं मला तो मोबाइलवर दाखवला आणि त्या रडारडीच्या घरात मला हसू फुटलं. तुम्ही आणि माउली! तुमच्या कुबडीचा आवाज ऐकून फाइल चाळायला लागत नव्हता असा साहेब तालुक्यातल्या एका कचेरीत नव्हता. बरं, फोटो कुठला लावलाय? सभेतला. बोट उगारलेला, भुवया चढलेल्या. शाल-श्रीफळ घेतलेला फोटो पोरांनी पुष्कळ शोधला म्हणे. सापडणार कसा? जन्मात तुम्ही कुणाची शाल अंगावर पडू दिली नाही.

आज तुमची राख सावडली. त्याचं पुढं सांगते. आधी मला जरा बोलू द्या, कारण तुम्ही होता तोवर माझी पाळी कधी यायची नाही. नणंद-भावजयीनं एकमेकींचं कौतुक करायचं नसतं, असा आपल्या घरात जणू कायदाच होता. तो मी इतकी वर्षं पाळला. तुमची आई असताना पाळला, त्या गेल्यावरही पाळला. आता तुम्हाला उलटून बोलता येत नाही, तेव्हा मोडते.

मी नेकनूरहून या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही औरंगाबादहून नुकत्याच परतला होतात. तिथं अधू पायाला आधार देणारं कॅलिपर बनवायच्या कारखान्यात पट्टे शिवायचं, मापं घ्यायचं काम तुम्ही केलं होतं. लहानपणी पोलिओ झालेल्या तुमच्या पायातलं कॅलिपरही तुम्ही स्वतःच्याच हातानं बसवलेलं होतं, बुटासकट. लग्नाआधी बायकांनी मला सांगितलं होतं, 'घरात एक नणंद हाय, बिचारी. तिला सांभाळून घ्यावं लागंल.' पहिल्याच आठवड्यात कळलं की सांभाळून मलाच राहायचं आहे. माझं स्वयंपाकघर मी लावलं तशी तुम्ही आत आलात, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणालात, "हे कुणाच्या उंचीनं लावलंस?" मग आपण दोघी तीन-चार दिवस भांडलो. शेवटी माझी कंबर आणि तुमचा हात, दोघींना झेपेल अशा मधल्या उंचीला फळी आली. ती फळी मला आजही थोडी खालीच वाटते, हेही सांगून ठेवते.

तो दुष्काळ तुम्हाला आठवायची गरज नाही, पण मला बोलायला तिथूनच सुरुवात करावी लागते. माजलगावच्या धरणात गाळ उघडा पडला होता. तेलगावकडचा ऊस उभ्याउभ्या वाळला. एरवी आपलं अर्धं गाव ऊसतोडीला जायचं, त्या वर्षी आमच्यासारखी थोडी घरं सोडली तर कोयता धरता येणारं माणूस मागं राहिलंच नाही. ट्रॅक्टर भरून टोळ्या गेल्या, बैल गेले, कडेवरची लेकरंसुद्धा गेली. गावात राहिल्या दुभत्या म्हशी, म्हातारी माणसं आणि ज्यांना कोयता धरता येत नाही असे तुमच्यासारखे लोक. मी तेव्हा आपल्या महिला दूध संस्थेची चेअरमन होते. रोज सकाळी केंद्रावर येणारं दूध घटत चाललं होतं. शीतकेंद्राच्या टेम्पोवाल्यानं निरोप आणला की एवढ्याशा दुधासाठी एवढ्या लांब फेरी परवडत नाही. असंच राहिलं तर टेम्पो यायचा बंद होईल. टेम्पो बंद म्हणजे मागं राहिलेल्या घरांचा रोजचा हातखर्च बंद, आणि मग म्हशी बाजारात. दुष्काळात म्हैस एकदा बाजारात गेली की परत दारात येत नाही.

आमची कमिटी आपल्याच पडवीत बसली होती. चारा नाही, पाणी नाही, म्हशी आटल्या, काय करणार, असं एकेक जण सुस्कारे टाकत होती. तुम्ही कोपऱ्यात मशीनवर ब्लाउज शिवत होता. मशीन थांबवलंत आणि म्हणालात, "म्हशी आटल्या न्हाईत, सुमन. दूध आणणारे पाय उसाला गेलेत."

कुणाला काही कळेना. तुम्हीच मग समजावून सांगितलंत. दत्तूभाऊच्या दारची म्हैस भरपूर दूध देते, पण दत्तूभाऊला डोळे नाहीत आणि केंद्रावर घालायला जाणारी सून कोल्हापूरकडं ऊस तोडतेय. रुक्मिणीचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला, ती एका हातानं किटली घेऊन आपल्या केंद्राच्या पायऱ्या चढते आणि वर पोचेस्तोवर निम्मं दूध लुगड्यावर. म्हातारी माणसं तर केंद्राच्या उंच ओट्याकडं बघूनच माघारी फिरतात. दूध घराघरात आहे. त्याचं दही होतंय, नाहीतर दारावर येणाऱ्या खाजगीवाल्याच्या कॅनमध्ये तो म्हणेल त्या भावानं जातंय.

इथंच तर घोडं पेंड खात होतं, आणि आम्ही सगळ्या आभाळाकडं बघत बसलो होतो. मला तेव्हाच तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी चहा टाकायचं निमित्त करून उठले. तुमच्या तोंडावर म्हणाले मात्र, "वन्सं, ब्लाउजची बाही उलटी लागतेय."

पुढचा घोटाळा तुम्ही नंतर शंभर ठिकाणी हसत सांगितलात. आपल्या गावाला कुठलीही अडचण कळली की आधी सिमेंट कालवायचं सुचतं. सरपंचांच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यांनी लगोलग ठरवलं, दिव्यांगांसाठी केंद्राला उतार करायचा. कुठूनतरी निधी आला. मंदिराच्या सभामंडपातून उरलेल्या गुळगुळीत फरशा आल्या. पायऱ्यांच्या शेजारी मावेल तेवढ्या जागेत उतार बसवला, म्हणजे उतार कसला, घसरगुंडीच. संगमरवरी पाटी लागली. उद्घाटनाला मोठे साहेब येणार, तुमचा सत्कार होणार, असं सगळं तुमच्या नावानं ठरलं आणि तुम्हाला निरोप आला तो फक्त हिरवी साडी नेसून या, फोटोत चांगली दिसते, असा.

तुम्ही गेलात, आणि तेही रोजचीच साडी नेसून. आणि उताराच्या पायथ्याशी जाऊन थांबलात. वर जाणार कशा? दूध म्हणजे लक्ष्मी, केंद्रात चप्पल घालून कुणी जात नाही, आणि साहेबांपासून बँडवाल्यांपर्यंत सगळ्यांनी आपापल्या चपला त्या नव्याकोऱ्या उतारावरच काढल्या होत्या. सावलीत होता ना तो. वरून पुकारा झाला, 'कुसुमताईंनी मंचावर यावं.' तुम्ही हललाच नाहीत. शेवटी माइकच खाली आणला गेला. तुम्ही म्हणालात, "साहेब, उतार चांगला झालाय. चपला ठिवायला लई सोईचा हाय. फक्त आमच्यासाठी बांधला म्हनताय, तर बांधायच्या आधी आमच्यातल्या एकाला तरी विचारलं होतं का?"

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साहेब हसले, कारण त्यांना कुठंही हसता येतं, आणि म्हणाले, "ताई, आता विचारतो." तुम्ही लगेच म्हणालात, "असं उभ्याउभ्या न्हाई. ठराव करून विचारा."

आणि तो ठराव करायला तुम्ही आम्हाला भाग पाडलंत. दत्तूभाऊ, रुक्मिणी आणि तुम्ही, तिघांची संस्थेनं सल्लागार म्हणून नेमणूक करायची आणि कामाचं मानधन द्यायचं. मानधन म्हटल्याबरोबर भागीरथीआत्या उसळल्या. त्या आमच्या सगळ्यात जुन्या संचालक, त्यांच्या शब्दापुढं गावात पुरुषही बोलायचे नाहीत. म्हणाल्या, "सल्ला द्याया पैसे? आगं, सल्ला तर पारावर बसलं की पोत्यानं मिळतो."

"पारावरच्या सल्ल्यानंच त्यो उतार झालाय, आत्या," तुम्ही म्हणालात. "गवंड्याला मजुरी दिली का न्हाई? साहेबाला हार घातला का न्हाई? मंग जिला खरं ठावं हाय तिलाच फुकट कावून राबवायचं?"

मी चेअरमन म्हणून मधे पडले. दुष्काळ आहे, हे सगळं पुढच्या वर्षी बघू, असं माझं मत होतं, आणि तेव्हा ते मला शहाणपणाचंच वाटत होतं. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "सुमन, पुढच्या वर्षी पाय परत येतील. मंग कुणाला गरज ऱ्हाईल आमाला विचारायची?" ठराव झाला. सही माझीच आहे त्याच्यावर.

तुम्ही तिघं पाहणीला आलात तो पहिला दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. दारातच भागीरथीआत्या आडव्या उभ्या. "कुसुम, पायताण भायेर."

"आत्या, हे पायताण न्हाई. माझा पाय हाय."

"बूट हाय की ढळढळीत."

"बूट काढला तर कॅलिपर निघतं, आन कॅलिपर निघालं तर मी इथंच बसते. तुमी तुमचा पाय दाराबाहेर ठिवून आत जाताव का?"

दूध घालायला आलेल्या बायका किटल्या खाली ठेवून ऐकायला लागल्या. मला भीती वाटली, आत्या एकदा बिनसल्या की सगळा ठरावच उधळून लावतील. पण तुम्ही आवाज न चढवता पुढं बोललात, आणि त्यातच तुमची खरी हुशारी होती. म्हणालात, "तुमी म्हनता त्ये बी बराबर हाय. दुधाजवळ घाण येऊ न्हाई. पण आत्या, आता तुमी गोठ्यातून अनवाणी आलात, टाचंला शेण हाय बघा. अनवाणी म्हंजी स्वच्छ, असं कुठं हाय?" आत्यांनी टाच उचलून बघितली. खरोखरच शेण होतं. बायका पदर तोंडाशी धरून हसल्या, आत्यांनी सगळ्यांवर एकदा डोळे वटारले आणि मग त्याही हसल्या. त्या दिवसापासून दारात ओलं पोतं आलं. बूट असो, अनवाणी पाय असो, ज्यानं त्यानं पुसूनच आत यायचं. हात धुतलेल्या पाण्यात ते पोतं भिजवायचं हेही आत्यांनीच काढलं, दुष्काळात दुसरं पाणी कुठलं! आणि तुमचा बूट पहिल्यांदा पुसला तोही आत्यांनीच, पुटपुटत, "ये आता, पण लई माज करू नगंस" असं म्हणत.

पुढं काही दिवस रोज सकाळी तुम्ही तिघं केंद्रावर यायचात. टिपणं नाहीत की टेप नाही, नुसतं काम करून बघायचात. रुक्मिणी खरोखरच दूध घेऊन यायची, दत्तूभाऊ खरोखरच काठी टेकत यायचे आणि तुम्ही ओट्याच्या कडेला बसून कोण कुठं अडतं ते बघायचात. दत्तूभाऊचा ओट्यापेक्षा रिकाम्या कॅनवर राग होता. "रस्ता मला तोंडपाठ हाय," ते म्हणायचे, "पण ही कॅनं रोज जागा बदलत्यात. एका जागी ठिवा, मंग मी अंधारातबी येतो. मला कुठं उजेड लागतोय?" रुक्मिणीला कुणी किटली धरू लागायची गरजच नव्हती. किटली टेकवायला मापाच्या भांड्याशेजारी बुटका लाकडी ठोकळा मिळाला असता, तर एका हातानं ती किटली वाकडी करू शकत होती. ठोकळा सुताराकडं एका दुपारीत झाला.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. ओट्यावर हात आपटून विचारलंत, "ह्यो एवढा उंच कावून बांधलाय?"

"टेम्पोत कॅन चढवायला," मी म्हटलं. "टेम्पोच्या फळीएवढाच आहे."

"टेम्पो कवा येतो?"

"सगळे दूध घालून गेल्यावर."

"मंग माणसांनी टेम्पोच्या उंचीला कावून चढायचं?"

एवढी साधी गोष्ट, वन्सं. केंद्र बांधल्यापासून आम्ही सगळ्या धडधाकट बाया त्या पायऱ्या चढत होतो, पोटुशा असताना चढत होतो, गुडघे दुखत असताना चढत होतो, आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही. काटा, मापं आणि फॅटचं मशीन खाली आणलं, जुन्या गोदामाच्या पडवीत, जमिनीबरोबर. तिथंच खांबाला धरून दत्तूभाऊच्या हाताला लागेल असा दोर बांधला, रस्त्यापासून काट्यापर्यंत. भरलेले कॅन मात्र वर न्यायचेच होते. त्यासाठी सरपंचांच्या उतारावरच्या गुळगुळीत फरशांना छिन्नीनं टाचे मारून त्या खरबरीत केल्या आणि चाकाच्या गाड्यावरून कॅन ढकलत वर न्यायला लागलो. अजूनही पाटीवर 'दिव्यांग बांधवांसाठी' लिहिलेलं आहे आणि वर जातात कॅन. बाहेरगावचं कुणी ती पाटी वाचून बुचकळ्यात पडलं की मला अजूनही हसू येतं.

सगळ्यात गंमत झाली ती दत्तूभाऊच्या मागणीनं. मशीनवरचा फॅटचा आकडा त्यांना दिसत नव्हता, म्हणून तो मोठ्यानं वाचून दाखवायचा ठरला. पण एकाचा वाचला आणि दुसऱ्याचा नाही, हे तुम्हाला पटेना. सगळ्यांचाच वाचायचा. न शिकलेल्या बायकांना पहिल्यांदाच आपल्या दुधाचा आकडा कानानं कळायला लागला, आणि ज्यांच्या दुधात टाकीचं पाणी असायचं त्यांची पंचाईत झाली. एकीचा आकडा ऐकून भागीरथीआत्या रांगेतूनच ओरडल्या, "आगं, प्यायला हंडाभर पाणी न्हाई गावात, आन दुधात घालायला तुला कुठनं गावलं?" आठवड्याभरात गावाचं दूध दाट झालं. तुम्ही म्हणायचात, हे आम्ही सांगितलेलं काम नाही, वरकड मिळालंय.

आणि दूध वाढलं. अनुभव आला तशी एकेक म्हातारी, एकेक लंगडत येणारा म्हातारा, किटली घेऊन खालच्या पडवीत यायला लागला. टोळ्या परत आल्या तेव्हा म्हशी दारातच होत्या. टेम्पो एक दिवस चुकला नाही. टेम्पोवाला मला विचारायचा, "चेअरमनबाई, दुष्काळात तुमचं दूध वाढतंय कसं?" मी त्याला ऐटीत सांगायची, "आमच्याकडं सल्लागार आहेत." काय ऐट होती माझी तेव्हा! तुम्ही नसताना मी तुमच्याबद्दल काय काय बोलले आहे, ते तुम्ही ऐकलं असतं तर मला घरात राहणं अवघड केलं असतंत.

नंतर माजलगावच्या पतसंस्थेनं पाहणीला बोलावलं, एका शाळेनं बोलावलं, बाजार समितीनं बोलावलं. तुम्ही तिघं जीपमधून जायचात आणि मी दारात उभी राहून बघायची. जीपवाला तुम्हाला उचलून बसवायला पुढं झाला की तुम्ही कुबडी आडवी धरायचात. "हात नको, बाबा. पायरी आण." एका ठिकाणी म्हणे चहा-नाश्ता झाला, फोटो झाले आणि कुणी काही विचारेचना, तेव्हा तुम्ही उठून निघालात आणि मानधनाचं पाकीट टेबलावर तसंच ठेवून आलात. मी तुम्हाला रागावले होते. म्हटलं होतं, आलेलं सोडायचं कशाला, जीपचं भाडं तरी सुटलं असतं. आपलं ते भांडण तसंच राहिलं. माझं अजूनही मत तेच आहे, तुम्ही आता काही म्हणा.

दुसरंही एक भांडण राहिलं. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा धाप लागत होती, तरी तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत, "पुढल्या निवडणुकीत रुक्मिणीला चेअरमन कर. तू लई दिवस बसलीस." मला वाटलं होतं, माझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलाल. वन्सं, रुक्मिणी हुशार आहे, मला मान्य आहे. पण तिला हिशेबाचं डोकं नाही आणि ती माणसांवर फार लवकर विश्वास टाकते. मी अजून हो म्हटलेलं नाही. विचार करते. एवढंच सांगते आज.

तुम्ही गेलात त्या सकाळी केंद्र बंद ठेवायचं आमच्यातल्या काहींच्या मनात होतं, दुखवट्याचा म्हणून. दत्तूभाऊ नेहमीच्या वेळेला दोर धरून येऊन उभे राहिले. म्हणाले, "म्हशीला कोण सांगनार कुसुमताई गेली म्हून?" दूध घातलं, आणि काठी टेकत आपल्या दारात येऊन बसले. सगळ्यांनी तसंच केलं. आधी दूध, मग तुम्ही. तुम्हाला हे आवडलं असतं याची मला खात्री आहे.

आता जे सांगायचं ते सांगते. 

आपली स्मशानभूमी ओढ्यापलीकडं. अलीकडची दरड किती उभी आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, कारण तुम्ही कधी तिच्या पलीकडं गेला नव्हता. वडील गेले तेव्हा तुम्ही दरडीवरून बघितलंत. आई गेल्या तेव्हाही दरडीवरूनच. तुमचे भाऊ उचलून न्यायला तयार होते आणि तुम्ही म्हणालात, "आईला भेटाया मी ओझं होऊन जायची न्हाई."  ओढ्यापलीकडं तुम्ही पहिल्यांदा गेलात त्या परवा, वन्सं, चौघांच्या खांद्यावर.

आणि तुमची माणसं अलीकडं राहिली. आसपासच्या गावांहून तीनचाकी सायकली घेऊन, कुबड्या घेऊन ते सगळे आले होते. दरडीच्या तोंडाशीच वाळूत चाकं रुतली. लोक म्हणाले, चला, उचलून नेतो. त्यांनी मान हलवली. दरडीवर ओळीनं सायकली उभ्या राहिल्या, उन्हात, आणि पलीकडून धूर वर चढेपर्यंत त्यातलं कुणी हललं नाही. मी बायकांबरोबर तिथंच थांबले होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. सगळ्या तालुक्याचे उंबरे तुम्ही खाली आणायला लावलेत आणि तुमच्याच माणसांना तुमच्यापर्यंत पोचता येईना.

आज सावडून मंडळी परत आली, अंगणात बसली. तुमचे सायकलवालेही आले होते. तेवढ्यात सरपंच आले. तेच ते, घसरगुंडीवाले. त्यांना बघून माझ्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर जाहीर करणार, कुसुमताईंच्या नावानं ओढ्याला सिमेंटचा उतार, आणि वर पाटी. मी शब्द जुळवून ठेवले होते. चांगले झोंबणारे जुळवले होते, तुमच्याच हाताखाली शिकले ना.

सरपंचांनी तुमच्या भावाला हात जोडले. माझ्यासमोर थांबलेच नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि अंगणाच्या कडेला, तीनचाकी सायकलीसमोर, मातीत उकिडवे बसले. सायकलीवर तेलगावकडचे ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते, तुम्ही ज्यांना भाऊबीजेला ओवाळायचात ते. सरपंच त्यांना म्हणाले, "भाऊ, ओढ्याला काय करावं लागंल? मला ह्यातलं कळत न्हाई. तुमी सांगा."

माझे जुळवलेले शब्द वाया गेले.

भाऊंनी सायकल ओढ्याकडं वळवली. मग म्हणाले, "हितं बसून कसं सांगू? आधी जाग्यावर चला. दत्तूला संगं घ्या, रुक्मिणीला बी घ्या."

"आत्ता?" सरपंच म्हणाले.

"आत्ता. ऊन हाय तवरच कळतं, कुठं वाळू तापती आन कुठं चाक रुततं त्ये."

आणि निघाले, वन्सं. पुढं सायकली, मागं दत्तूभाऊ रुक्मिणीच्या खांद्यावर हात ठेवून, आणि सगळ्यांच्या शेवटी सरपंच, टोपी अजून हातातच. मी त्यांच्या मागं गेले नाही. मी चेअरमन आहे, भावजय आहे, पण तिथं माझं काही काम नव्हतं. मी दाराला धरून उभी राहिले, ते वळणावरून दिसेनासे झाले, आणि मग तीन दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.